नोंदवहीची गोष्ट : कात्रजपासून किहीमपर्यंत

मराठीत रोजच्या नोंदींच्या वहीला बरेच शब्द आहेत. रोजकीर्द, रोजनिशी, दैनंदिनी, टिपणवही आणि आता सर्रास वापरला जाणारा डायरी. शाळेत मात्र या सर्वांचा अर्थ बहुधा एकच होतो, तो म्हणजे सुट्टीतला गृहपाठ. 'रोज दहा ओळी लिहून आणा' असे सांगितले जाते. जूनमध्ये ज्या वह्या जमा होतात त्यांत पहिल्या चार दिवसांनंतर 'आज मी सकाळी सहा वाजता उठलो, दात घासले' हेच वाक्य तारीख बदलून येत राहते. शेवटची वीस पाने एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली असतात. हे शिक्षकांना कळते, मुलांनाही ठाऊक असते, आणि तरीही वहीवर सही होते.

संशोधनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे पाहून हळहळ वाटते, कारण आमचा सारा धंदाच वहीवर चालतो. उपकरणे बदलली, संगणक आले, तरी 'काय पाहिले, केव्हा पाहिले, कसे पाहिले' हे त्याच दिवशी लिहून ठेवण्याला पर्याय सापडलेला नाही. मग लहान मुलाला जे इतके कंटाळवाणे वाटते, त्यात जगभरच्या निरीक्षकांनी आयुष्यभर रस कसा घेतला? याचे उत्तर शोधायचे तर नोंदवहीचा इतिहास थोडा चाळावा लागेल. सुरुवात पुण्याच्या दक्षिण वेशीवरच्या कात्रजपासून करू.

दप्तरातली रोजनिशी आणि कात्रजचे पाणी

कात्रज आज बहुतेक मुलांना ठाऊक आहे ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयासाठी आणि सर्पोद्यानासाठी. पण त्या आवाराला लागून असलेला तलाव फार जुना आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९-५० च्या सुमारास, वाढत्या पुण्याची तहान भागवण्यासाठी कात्रजच्या डोंगरातून येणारे पाणी बंधारा घालून अडवले गेले आणि तेथून दगड-विटांच्या बंदिस्त नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेले गेले. वाटेत पेठापेठांतून हौद बांधले गेले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या बोलण्यात अजून आहेत. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात, एवढ्या एका गोष्टीवर ही सारी व्यवस्था चालत होती. नळाच्या मार्गावर ठरावीक अंतराने 'उच्छ्वास' नावाचे बांधीव धुराडे ठेवलेले होते. नळात कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे आणि गाळ काढण्यासाठी माणसाला खाली उतरताही येई.

हे काम ज्या काळात झाले त्या काळाच्या नोंदी पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. पेशव्यांच्या कारभारात रोजची जमा, रोजचा खर्च, नेमणुका, इनामे, निवाडे, हुकूम हे सगळे त्या त्या दिवसाखाली उतरवले जाई. या रोजनिशांतून निवडलेले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी जमा केले आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी खंडाखंडांनी प्रसिद्ध झाले. पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. अठराव्या शतकातला बाजारभाव काय होता, कोणत्या वर्षी दुष्काळाने सूट दिली गेली, हे आज सांगता येते ते या कागदांमुळे.

या रोजनिशीचा गुण आणि तिची मर्यादा, दोन्ही मुलांच्या वहीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. गुण हा की ती त्याच दिवशी लिहिली जाई आणि तारखेशिवाय ओळ नसे. मर्यादा ही की ती सरकारची होती. नळाच्या खोदाईवर राबणाऱ्या बेलदाराला उन्हाचा चटका कसा लागला, हौदात पहिल्यांदा पाणी पडले तेव्हा पेठेतल्या पोरांनी काय केले, हे सांगणे तिचे कामच नव्हते. आपण शाळेत मुलांकडून जी डायरी लिहून घेतो ती नकळत या जातीची होते. उठलो, जेवलो, झोपलो : जमा-खर्च चोख, आणि लिहिणारा गैरहजर.

साइक्सचे आकडे, व्हाइटचा तक्ता

१८१८ साली पेशवाई संपली. त्यानंतर काही वर्षांतच पुण्याच्या परिसरात एक वेगळ्या प्रकारची रोजनिशी लिहिली जाऊ लागली. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. १८२४ साली त्याच्याकडे मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी जमवण्याचे काम आले. लोकसंख्या, पिके, जमिनी यांच्याबरोबर तो वायुभारमापक आणि तापमापक घेऊन हिंडे आणि दिवसातून अनेक वेळा आकडे उतरवून ठेवी. या नोंदींतून त्याने दाखवून दिले की दख्खनमध्ये हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चार-पाचला कमी, रात्री पुन्हा जास्त आणि पहाटे पुन्हा कमी. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखीच ही हवेची भरती-ओहोटी. त्याचा हा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी त्याआधी १८३२ साली प्रसिद्ध झाली होती. एका चंडोलाला आजही त्याचे नाव चिकटलेले आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एका दिवसाच्या आकड्यांतून यातले काहीच दिसले नसते. दाबातला हा फरक अगदी थोडा असतो. तोच फरक त्याच वेळी पुन्हा पुन्हा येतो हे कळायला पानांची चळत लागते. एकेक पान रुक्ष, पण शंभर पाने शेजारी ठेवली की त्यांतून आकृती उमटते. मुलांना हा आनंद आपण सहसा मिळू देत नाही, कारण वही तपासली की तिचे काम संपले असे मानले जाते. मागची पाने उलटून पाहण्याची वेळच कधी येत नाही.

साइक्सच्याही आधी इंग्लंडमधल्या सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री होते. डेन्स बॅरिंग्टन या गृहस्थाने निसर्गनिरीक्षकांसाठी एक छापील वही तयार केली होती. तीत तापमान, वायुभार, वारा, हवामान, कोणते झाड फुलले, कोणता पक्षी दिसला असे रकाने आखलेले होते. व्हाइट यांनी ही वही १७६८ साली भरायला घेतली आणि १७९३ साली मृत्यू येईपर्यंत, पंचवीस वर्षे, ती भरत राहिले. रकाने भरता भरता ते रकान्यांबाहेरही लिहीत. कासव थंडीत जमिनीत कधी गेले आणि वसंतात कधी वर आले, काकड्या कशा आल्या, पाऊस किती पडला, सारे एकाच वहीत. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन छोट्या पक्ष्यांच्या जाती वेगळ्या आहेत, हे त्यांनी आवाजावरून ओळखले. त्यांचे 'सेलबोर्नचा निसर्गेतिहास' हे पुस्तक १७८९ साली निघाले आणि ते आजतागायत छापले जात आहे.

व्हाइट यांच्या वहीत शिक्षकांसाठी एक सूचना दडलेली आहे. कोऱ्या पानाची भीती मुलांना वाटते तशी मोठ्यांनाही वाटते. दोनचार रकाने आखून दिले तर सुरुवात सोपी होते. मात्र रकान्यांच्या खाली किंवा शेजारी मोकळी जागा हवी, आणि खरी मौज त्या मोकळ्या जागेत आहे हे मुलाला कळायला हवे.

पुस्तके बांधणारा मुलगा

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना मायकेल फॅरडेची गोष्ट जरूर सांगावी. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने व्याख्यानांची टिपणे घेतली, घरी येऊन ती नीट लिहून काढली, उपकरणांच्या आकृत्या काढल्या आणि हे सर्व स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींकडे पाठवून दिले. १८१३ साली त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची नोकरी मिळाली. प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हते. वही होती.

पुढे फॅरडेने आयुष्यभर प्रयोगांची रोजनिशी ठेवली. परिच्छेदांना तो अनुक्रमांक देई. ते क्रमांक अखेरीस १६,००० च्या वर गेले. २९ ऑगस्ट १८३१ च्या पानावर लोखंडी कड्याभोवती गुंडाळलेल्या तारांचा तो प्रसिद्ध प्रयोग आहे. आपल्या घरातली वीज ज्या तत्त्वावर निर्माण होते त्याची ती पहिली नोंद. पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटतात ती त्याची अपयशाची पाने. गुरुत्वाकर्षणाचा आणि विजेचा काही संबंध आहे का हे पाहण्यासाठी त्याने १८४९ साली प्रयोग केले. काही हाती लागले नाही, तेही त्याने तितक्याच निगुतीने लिहून ठेवले. 'सर, काहीच झाले नाही, मग काय लिहू?' असे विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्यावे. काहीच झाले नाही, हेच लिहायचे. बी पेरल्यावर नवव्या दिवशीही अंकुर आला नाही ही नोंद, दहाव्या दिवशी आला या नोंदीइतकीच खरी आहे.

घरादाराची वही

आता आपल्याकडची, मुलांच्या वहीच्या सर्वांत जवळची गोष्ट. मुंबईच्या तय्यबजी घराण्यात एकोणिसाव्या शतकात 'अखबार' ठेवण्याची प्रथा सुरू झाली. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष बद्रुद्दिन तय्यबजी हे याच घराण्यातले. अखबार म्हणजे बातम्या. येथे अर्थ एवढाच की घरात एक मोठी वही ठेवलेली असायची आणि कुटुंबातल्या कोणीही तीत लिहायचे. लेखन मुख्यतः उर्दूत असे. बायका लिहीत, पुरुष लिहीत, मुलेही लिहीत. प्रवास, पाहुणे, वाचलेली पुस्तके, समुद्रावरची सहल असे सारे विषय. अलिबागजवळच्या किहीमला या कुटुंबाचा सुट्टीचा मुक्काम असे. तिथल्या घराची वही वेगळी होती. त्या काळातल्या मुंबईच्या एका मुसलमान समाजाचे घरगुती आयुष्य कसे बदलत गेले, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना आज या वह्यांचा मोठा आधार आहे.

ही प्रथा टिकली याचे कारण काय असावे? एक तर वही सर्वांची होती. मूल लिही तेव्हा ते आजोबांच्या हस्ताक्षराखाली लिही. दुसरे, लिहिलेले कोणीतरी वाचणार, तपासायला नव्हे तर उत्सुकतेने, ही खात्री होती. तिसरे, वही समोर पडलेली असे. लिहायची वेळ ठरलेली नव्हती, जागा ठरलेली होती.

याच गोतावळ्यात, मामांच्या घरी, मुंबईच्या खेतवाडीत सालिम अली वाढले. १८९६ सालचा त्यांचा जन्म. १९०६-०७ च्या सुमारास, वयाच्या दहाव्या वर्षी, त्यांनी चिमण्यांविषयी एक टिपण केले. भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली होती आणि बाहेरच्या खिळ्यावर चिमणा पहारा देत होता. बंदूक हौसेने चालवणाऱ्या या मुलाने तो चिमणा टिपला. थोड्याच वेळात त्या जागी दुसरा चिमणा येऊन बसला. तोही टिपला, तर तिसरा आला. सात दिवसांत असे आठ चिमणे. दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. हे टिपण सुमारे साठ वर्षांनी पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत छापून आले. सालिम अलींनी 'द फॉल ऑफ ए स्पॅरो' या १९८५ च्या आत्मचरित्रात त्याविषयी मिस्कीलपणे सांगितले आहे की ते लिहिले होते शिकारीची फुशारकी मारण्यासाठी, पण पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना त्यात काही वेगळेच सापडते.

चिमण्या मारण्याचे समर्थन आज कोणी करणार नाही आणि करूही नये. मुद्दा वेगळा आहे. दहा वर्षांच्या मुलाला आपण काय शोधले हे कळलेले नव्हते, पण त्याने आकडे लिहून ठेवले होते. 'खूप चिमणे' असे न लिहिता 'सात दिवसांत आठ' असे लिहिले. अर्थ नंतर लागला. लिहिताना अर्थ कळलाच पाहिजे असा आग्रह आपण धरला असता तर हे टिपण झालेच नसते.

१९३० साली सालिम अली जर्मनीतून शिकून परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी झाडाला शिडी लावून आडोसा केला आणि पावसाळ्याच्या दिवसांत रोज त्यात बसून घरट्यांवर नजर ठेवली. त्यातून उलगडले ते असे. नर अर्धवट घरटे विणतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर ती आत राहते, मग नर घरटे पुरे करतो आणि लगेच दुसरे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. म्हणजे एका नराची एकामागून एक अशी अनेक बिऱ्हाडे. आपण या पक्ष्याला 'सुगरण' हे बाईमाणसाचे नाव दिले, गाण्यांतही श्रेय तिलाच दिले, आणि विणकर निघाला नर! शेकडो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट रोजच्या नोंदीशिवाय दिसली नव्हती.

चित्रे, विनोद आणि गुरुजींची वही

रोजनिशी म्हणजे केवळ वाक्ये नव्हेत. चार्ल्स डार्विन यांच्या १८३७ सालच्या एका वहीत झाडासारखी फांद्या फुटत जाणारी एक ओबडधोबड आकृती आहे. सजीवांचे परस्परांशी नाते कसे असावे, हे त्यांनी तीत रेषांनी विचार करून पाहिले आहे. पुढे त्यांच्या घरात मुलांचा गोंगाट असे. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या हस्तलिखिताची जी थोडी पाने आज शिल्लक आहेत, त्यांतल्या काहींच्या पाठीवर डार्विनच्या मुलांनी चित्रे काढलेली आहेत. एका चित्रात तर फळे आणि भाज्या शिपाई होऊन लढाई करत आहेत. ती पाने राहिली याचे एक कारण मुलांची चित्रे जपून ठेवण्याची आईबापांची हौस, असे म्हटले जाते. जगाचा विचार बदलणाऱ्या ग्रंथाची पाने गाजरांच्या लढाईमुळे वाचली, ही गोष्ट वर्गात सांगून पाहावी. मग वहीच्या समासात काढलेल्या चित्रांकडे आपणही जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

आपल्याकडे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. तेथील मुलांसाठी ते स्वतः 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक लिहून काढत. दिवसभराच्या शिकवण्यानंतर रोज एक अंक, हाताने लिहिलेला. मुलांनी लिहावे असे वाटत असेल तर प्रथम शिक्षकाने लिहावे, हा धडा यातून मिळतो. मराठी शाळांतली हस्तलिखिताची आणि भित्तिपत्रकाची परंपरा याच वळणाची आहे. तिच्यात फक्त रोजच्या निरीक्षणाची भर घातली की काम होण्यासारखे आहे.

दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' हे पुस्तक १९५६ साली आले. महिन्यामागून महिना झाडे, फुले, आभाळ कसे पालटत जाते हे ज्या बारकाव्याने त्यांनी टिपले आहे, ते पाहणाऱ्या डोळ्यांशिवाय साधत नाही. भाषेच्या शिक्षकांनी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र वापरावे असे हे पुस्तक आहे. रोजनिशी कोणत्या विषयाची, हा वादच त्यामुळे मिटतो.

वही साक्षीदार होते तेव्हा

जपानमधल्या क्योटो शहरात दरबारी मंडळी, भिक्षू आणि गावकरी चेरीच्या बहराचे दिवस आपल्या रोजनिशांत लिहीत आले. अशा नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. हवामानाचा अभ्यास करावा असा त्यांचा हेतू नव्हता. फुलांच्या मेजवानीला कोण आले हे त्यांना लिहायचे होते. पण त्या तारखा एकत्र केल्यावर बाराशे वर्षांचा वसंत कसा पुढेमागे सरकला हे दिसू लागले. २०२१ साली बहर २६ मार्चला आला. तोवरच्या साऱ्या नोंदींत तो सर्वांत लवकरचा ठरला. अमेरिकेत हेन्री थोरो यांनी १८५० च्या दशकात कॉन्कर्ड गावाच्या परिसरात कोणते फूल कधी उमलले याच्या तारखा लिहिल्या होत्या. दीडशे वर्षांनी रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गावी तीच फुले पाहिली, तेव्हा ती सरासरीने सुमारे आठवडाभर लवकर फुलत असल्याचे आढळले. आपल्या देशातही २०१० पासून 'सीझनवॉच' या उपक्रमात शाळांची मुले झाडांच्या पालवीची, फुलांची, फळांची नियमित नोंद करत आहेत.

आणि आता पुन्हा कात्रज. कात्रजच्या तलावाकडून निघालेला आंबिल ओढा शहरातून वाहत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात आणि घाटमाथ्याकडच्या डोंगरांवर मुसळधार पाऊस झाला आणि या ओढ्याने काठच्या वस्त्यांत शिरून अनेकांचे प्राण घेतले. भिंती पडल्या, वाहने वाहून गेली, घरे चिखलाने भरली. त्यानंतर ठिकठिकाणी एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : यापूर्वी पाणी इथपर्यंत कधी आले होते? १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या उंचीच्या खुणा पुण्यात काही भिंतींवर केलेल्या आहेत, त्यामुळे मुठेच्या काठी निदान त्या दिवसाचे उत्तर देता येते. लहान ओढ्यांच्या काठी अशा खुणा क्वचितच सापडतात. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी असतात, पण आठवण फूटपट्टी नव्हे.

ओढ्याकाठच्या शाळेतील मुलांनी दर पावसाळ्यात पुलाच्या खांबावरील पाण्याची पातळी दुरून पाहून लिहून ठेवली, तर वीस वर्षांनी ती वही नगररचनाकाराला दाखवण्याजोगी होईल. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे एक भांडे आणि एक मोजपट्टी यांचे पर्जन्यमापक बनते. शहरात सर्वत्र पाऊस सारखा पडत नाही. शिवाजीनगरला रिमझिम असताना कात्रजच्या डोंगरावर झोड उठलेली असते. म्हणून कात्रजच्या मुलांनी मोजलेला पाऊस कात्रजसाठी मोलाचा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना येथे एक हिशेबही करायला द्यावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग एक चौरस किलोमीटर डोंगरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर? उत्तर येते पाच कोटी लिटर. त्यातले किती मातीत मुरेल आणि किती ओढ्यात येईल, हे डोंगरावर झाडी आहे की सिमेंट, यावर ठरते. नोंद, गणित आणि नागरिकशास्त्र यांची अशी गाठ पडते.

वर्गात काय करता येईल

या इतिहासातून काही गोष्टी निघतात. त्या नियम म्हणून नव्हे तर करून पाहण्यासाठी मांडतो.

वही मुलाची असावी. तिला हवे तसे कव्हर, हवे ते नाव त्यानेच द्यावे. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही उत्तम. महागडी डायरी खराब होईल या भीतीने मुले तीत लिहीत नाहीत. तीत लाल पेन चालवू नये. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निबंधाच्या वहीत सुधाराव्यात, येथे नाही. शेरा द्यायचाच असेल तर तो प्रश्नाच्या रूपात द्यावा. 'मुंग्या रांगेने गेल्या असे लिहिलेस, त्या कुठून निघाल्या?' एवढे पुरे. दुसऱ्या दिवशी मूल मुंग्यांच्या मागे जाते.

तारीख, वेळ, ठिकाण या तीन गोष्टींचा आग्रह मात्र धरावा. एवढी एक शिस्त, बाकी मोकळीक. चित्र चालेल, नकाशा चालेल, चिकटवलेले पान चालेल, आजीची म्हण, बसचे तिकीट, दुकानातला कांद्याचा भाव, सारे चालेल. काटेसावर कधी फुलली, बहाव्याला पहिला घोस कधी आला, चातक कधी ओरडला, या नोंदी वर्षानुवर्षे एकाच झाडाशी, एकाच जागी झाल्या तर त्यांचे मोल वाढते. रोज लिहिलेच पाहिजे असे नको. व्हाइट आणि सालिम अली रोज लिहीत कारण त्यांना पाहण्यासारखे काही सापडलेले होते. आधी पाहण्याजोगे काही सापडू द्यावे.

खासगी वही आणि सामायिक वही यांत फरक करावा. मुले वहीत घरातली भांडणे, भीती, रडणेही लिहितात. अशी वही मुलाच्या परवानगीशिवाय उघडू नये, वर्गात वाचू नये आणि शिक्षकांच्या खोलीत चर्चेला घेऊ नये. एकदा हा विश्वास तुटला की पुन्हा 'दात घासले' सुरू होते. मूल संकटात आहे असे त्याच्या बोलण्यावागण्यातून वाटले तर त्याच्याशी एकटे असताना बोलावे. सामायिक लेखनासाठी तय्यबजींच्या अखबारासारखी वर्गाची एक मोठी वही खिडकीत दोरीला बांधून ठेवावी. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने लिहावे आणि खाली सही करावी. शिक्षकांनीही लिहावे, शिपायांनीही लिहावे. कात्रजसारख्या भागात जुन्या गावकीतली, कामासाठी मराठवाड्यातून आलेली आणि बांधकामावर राहणारी अशी सगळी मुले एका बाकावर बसतात. प्रत्येकाच्या घरी पावसाला, पाखराला, भाकरीला वेगळा शब्द असतो. असे शब्दही या वहीत जमा होतील.

आणि शेवटी, मागे वळून वाचावे. वर्षातून दोनदा, दिवाळीपूर्वी आणि एप्रिलमध्ये, एक तास फक्त जुनी पाने उलटण्यासाठी ठेवावा. 'जुलैत मी हे लिहिले होते?' असे मुले स्वतःलाच विचारतात. आपण बदललो, झाड बदलले, ओढा बदलला हे त्यांना आपल्याच अक्षरात दिसते. वर्गाची वही वर्षअखेरीस रद्दीत न टाकता शाळेच्या कपाटात वर्षाचा आकडा घालून ठेवावी आणि पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गाला ती आधी वाचायला द्यावी. गेल्या वर्षी पहिला पाऊस कोणत्या तारखेला आला होता, हे त्यांना तिथेच सापडेल. आणि यंदा कधी येतो ते लिहिण्यासाठी ती मुले न सांगताच आभाळाकडे पाहू लागतील.